परवानापत्रातील ‘अंतिम वापरकर्ता’ : एका संज्ञेची चिकित्सा

एखादी संज्ञा व्यवहारात रूढ झाली की तिचा अर्थ सर्वांना ठाऊक आहे असे गृहीत धरले जाते. आणि जिचा अर्थ सर्वांना ठाऊक आहे असे वाटते तीच संज्ञा बहुधा सर्वांत अधिक घोटाळा करते. सॉफ्टवेअरच्या परवानापत्रांत येणारी ‘एंड युजर’ ही संज्ञा अशांपैकीच एक होय. मराठीत तिचे रूपांतर ‘अंतिम वापरकर्ता’ असे केले जाते. हे रूपांतर शब्दाला शब्द ठेवून झाले असल्यामुळे त्यात कोणाला दोष दिसत नाही. परंतु परवानापत्रात ही संज्ञा नेमकी कोणाला लागू पडते, असा प्रश्न विचारला तर जाणकारही थबकतात.

हा प्रश्न केवळ शब्दच्छलाचा नाही. २०१७ साली लंडनच्या न्यायालयात ‘वापरणारा कोण’ या एका प्रश्नावर सुमारे ५ कोटी ४५ लाख पौंडांच्या मागणीचा दावा उभा होता. २०२१ साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने परदेशी सॉफ्टवेअरच्या किमतीवरील प्राप्तिकराचा दीर्घकाळ चाललेला वाद निकालात काढला, त्यातही विक्रेता, वितरक आणि अंतिम वापरकर्ता यांना अनुक्रमे कोणकोणती क्रिया करण्याची मुभा आहे हे पाहणे अपरिहार्य ठरले. ज्या संज्ञेवर एवढा भार टाकला जातो ती तो पेलण्यास समर्थ आहे काय, याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

प्रथम शब्दांकडे वळू. ‘एंड युजर’ या जोडशब्दातील पहिले पद साखळीची कल्पना गृहीत धरते. उत्पादक, घाऊक व्यापारी, किरकोळ विक्रेता अशा हातांतून वस्तू जात जात जेथे थांबते, तो साखळीचा शेवट. शस्त्रास्त्रांच्या निर्यातीत अंतिम वापरकर्त्याचे प्रमाणपत्र मागण्याची पद्धत आहे. तेथे हा अर्थ अगदी स्वच्छ आहे. माल आणखी पुढे कोणाकडे जाणार नाही, ज्याच्या नावाने प्रमाणपत्र आहे तोच तो ठेवील, एवढेच तेथे सांगावयाचे असते.

कचेऱ्यांतील बोलण्यात या शब्दाला निराळाच अर्थ आला आहे. तेथे संगणक विभागातील तज्ज्ञ एका बाजूला आणि टेबलाशी बसून काम करणारे कर्मचारी दुसऱ्या बाजूला, असा भेद ‘युजर’ या शब्दाने दाखविला जातो. ‘युजरची तक्रार आली आहे’ असे म्हणताना साखळीचा विचार कोणाच्या मनात नसतो. यंत्राचे अंतरंग जाणणारा आणि न जाणणारा, एवढाच विवेक असतो. म्हणजे परवानापत्राबाहेरच या शब्दाचे दोन अर्थ आहेत: एक साखळीतील स्थान सांगणारा आणि दुसरा कामाचे स्वरूप सांगणारा.

मराठी रूपांतराने त्यात आणखी भर घातली आहे. ‘अंतिम’ या विशेषणात मराठीत शेवटलेपणाची तीव्र छटा आहे. अंतिम निर्णय, अंतिम इच्छा, अंतिम संस्कार या प्रयोगांत ज्याच्या पुढे काहीही उरत नाही असा शेवट अभिप्रेत असतो. ‘वापरकर्ता’ हे पद त्याहून अधिक विचार करण्यासारखे आहे. ‘वापर’ हा शब्द संस्कृत ‘व्यापार’ या शब्दापासून आलेला आहे, आणि त्याला ‘कर्ता’ हे पद जोडून तयार झालेला हा समास त्या व्यक्तीला वापरण्याच्या क्रियेचे कर्तृत्व उघडपणे बहाल करतो. म्हणजे ‘अंतिम वापरकर्ता’ असे म्हणताना मराठी वाचक दोन गोष्टी एकदम मान्य करतो: या माणसाच्या पुढे कोणी नाही, आणि क्रिया हाच करतो. परवानापत्रांत या दोहोंपैकी एकही गोष्ट खात्रीने खरी असत नाही.

२

याचे ठळक उदाहरण खेळांसाठी लागणाऱ्या तयार साहित्याच्या बाजारात सापडते. संगणकावरील खेळ तयार करणारी लहानशी संस्था प्रत्येक झाड, प्रत्येक घर, पावलांचा प्रत्येक आवाज स्वतः घडवीत बसत नाही. असे साहित्य तयार करून विकणारे कलावंत आणि प्रोग्रामर असतात व ते विकत मिळण्याची ठिकाणे असतात. युनिटी या खेळनिर्मितीच्या प्रणालीशी जोडलेले ‘ॲसेट स्टोअर’ हे त्यांपैकी प्रसिद्ध ठिकाण होय. तेथे मिळणाऱ्या साहित्यास ‘ॲसेट’ म्हणतात. येथील साखळी सांगणे सोपे आहे. कलावंत ॲसेट बनवितो, बाजार तो विकतो, खेळ बनविणारी संस्था तो विकत घेऊन खेळात गुंफते, आणि खेळाडू तो खेळ खेळतो. या साखळीतील अंतिम वापरकर्ता कोण असे विचारले तर कोणीही ‘खेळाडू’ असेच उत्तर देईल.

या बाजाराच्या परवानापत्राच्या जुन्या आवृत्त्यांत मात्र अंतिम वापरकर्ता म्हणजे खेळाडू नव्हे. ॲसेट विकत घेणारा, अर्थात खेळ बनविणारा, हा तेथे अंतिम वापरकर्ता म्हटला आहे. त्या मसुद्याचे सार असे की, अंतिम वापरकर्त्याने ॲसेट खेळात किंवा तत्सम कृतीत अंगभूत घटक म्हणून समाविष्ट करावा व ती कृती वितरित करावी. परंतु ॲसेट सुटा करून कोणाला देऊ नये, भाड्याने देऊ नये, त्याचा पोटपरवाना देऊ नये.

आता हा मजकूर खेळाडूला डोळ्यांसमोर ठेवून वाचला तर काय होते हे पाहण्यासारखे आहे. परवानगीचे वाक्य निरर्थक होते, कारण खेळाडू काही खेळ बनवून वितरित करीत नाही. मनाईचे वाक्य मात्र अर्थपूर्ण वाटते, आणि धोका येथेच आहे. खेळ बनविणाऱ्याचा असा समज होतो की, सुट्या स्वरूपात वाटण्याची मनाई ही खेळाडूला उद्देशून आहे, आपण तर विकत घेणारे आहोत. तेव्हा शेजारच्या संस्थेतील मित्राला दोनचार ॲसेट देण्यास हरकत नसावी. वस्तुतः मनाई त्यालाच उद्देशून आहे. एका नामाचा अर्थ चुकल्याने एकाच परिच्छेदातील एक वाक्य निरर्थक आणि दुसरे घातक झाले.

मसुदा लिहिणाऱ्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. त्याच्या दृष्टीने विकली जाणारी वस्तू ॲसेट ही आहे, खेळ नव्हे. सुटा ॲसेट ज्याच्या हाती जाऊन थांबतो तो खेळ बनविणारा; खेळाडूच्या हाती जातो तो खेळ. प्रत्येक वस्तूची साखळी निराळी आणि तिचा शेवटही निराळा. तेव्हा ‘अंतिम’ हे विशेषण सापेक्ष आहे: कोणत्या वस्तूच्या साखळीचा अंत, हे सांगितल्यावाचून ते पूर्ण होत नाही. ‘पलीकडचा’ किंवा ‘पुढचा’ हे शब्द जसे बोलणाऱ्याच्या जागेवाचून अर्थ देत नाहीत, तसेच हे आहे. परंतु या समर्थनानेही मसुदा निर्दोष ठरत नाही. ज्याला खेळातून का होईना पण ॲसेट पुढे पोहोचविण्याचा हक्क दिला आहे, त्यालाच ‘अंतिम’ म्हणणे म्हणजे नावाने जे नाकारले तेच कलमाने देणे होय.

येथे लिपीचाही एक मुद्दा आहे. इंग्रजी मसुद्यात ही संज्ञा आरंभापासून अखेरपर्यंत मोठ्या अक्षरांत छापलेली होती. तिकडच्या वाचकाला ही खूण कळते: हा शब्द रोजच्या अर्थाने घ्यावयाचा नसून याच कागदात दिलेल्या अर्थाने घ्यावयाचा आहे. देवनागरीत लहानमोठी अक्षरे नाहीत. त्यामुळे भाषांतर होताच ती खूण पुसली जाते आणि पारिभाषिक शब्द रोजच्या शब्दाच्या वेषात उभा राहतो. वाचकाला जेथे थांबून विचार करावयास हवा तेथेच तो निर्धास्तपणे पुढे जातो.

याच बाजारातील दुसरी अडचण संख्येची आहे. खेळात गुंफले जाणारे चित्र वा ध्वनी यांच्या बाबतीत परवाना घेणारी संस्था हा एक घटक मानता येतो. परंतु खेळ बनविताना हाताशी वापरावयाची जी साधने आहेत त्यांचा परवाना माणशी मोजला जातो. पाच जण ते साधन वापरणार असतील तर पाच परवाने घ्यावे लागतात. म्हणजे एके ठिकाणी संज्ञेने संस्था सुचते, दुसऱ्या ठिकाणी खुर्चीवर बसलेला माणूस सुचतो. पुण्यातील एखाद्या लहान संस्थेने महिन्याभरासाठी बाहेरचा चित्रकार कामावर घेतला तर तो संस्थेच्या परवान्यात सामावतो की त्याच्यासाठी निराळा परवाना लागतो, या प्रश्नाचे उत्तर ‘अंतिम वापरकर्ता’ या शब्दाकडे कितीही वेळ पाहत राहिले तरी मिळणार नाही. ते त्या साधनाच्या कलमातील क्रियापदाकडे पाहिल्यावरच मिळते.

३

क्रियापदाकडे पाहावे हा उपदेश भारतीय व्याकरणाला नवा नाही. भट्टोजी दीक्षित आणि कौण्डभट्ट यांच्या परंपरेत धातूच्या अर्थाचे दोन भाग मानले आहेत: व्यापार आणि फल. भात शिजविण्यात चूल पेटविणे, भांडे चढविणे ही सारी खटपट म्हणजे व्यापार; तांदूळ मऊ होणे हे फल. व्यापाराचा आश्रय तो कर्ता, फलाचा आश्रय ते कर्म. पाणिनीने कर्त्याचे लक्षण स्वातंत्र्य हे सांगितले आहे. ज्याच्या ठिकाणी क्रियेची सूत्रे आहेत तो कर्ता.

याखेरीज क्रियेचा लाभ कोणाला, हा प्रश्न पाणिनीने निराळा काढला आहे. ‘यजते’ आणि ‘यजति’ या रूपांतील भेद अभ्यासकांना परिचित आहे. यज्ञाचे पुण्य ज्याला मिळावयाचे तो यजमान ‘यजते’. दक्षिणा घेऊन दुसऱ्यासाठी यज्ञ करणारे ऋत्विज ‘यजन्ति’. हात दोघांचेही चालत असतील, मंत्र तेच असतील. परंतु क्रिया करणे आणि क्रियेचा लाभ मिळणे या दोन भूमिका आहेत आणि त्या एकाच माणसाच्या ठायी असतीलच असे नाही, हे या भेदात मान्य केलेले आहे. संप्रदान हे कारक आणखी वेगळे. देण्याच्या क्रियेत ज्याला उद्देशून वस्तू दिली जाते ते संप्रदान. त्याने ती वस्तू स्वतः वापरावी असे काही त्या लक्षणात नाही.

या विवेकाने पाहिले तर परवानापत्रात तीन भूमिका एकत्र गुंतलेल्या दिसतात. परवाना ज्याला दिला जातो तो देण्याच्या क्रियेतील संप्रदान. सॉफ्टवेअर ज्याच्या हातून चालते तो वापरण्याच्या क्रियेतील कर्ता. त्या चालण्याचा लाभ ज्याला होतो तो फलभोक्ता. घरी एकट्याने वापरण्यासाठी एखादी प्रणाली विकत आणणाऱ्या गृहस्थाच्या ठिकाणी या तिन्ही भूमिका एकवटतात: त्याने परवाना घेतला, तोच वापरतो, लाभही त्यालाच. ‘अंतिम वापरकर्ता’ ही संज्ञा या साध्या प्रसंगी अगदी नेमकी बसते. तिचा दोष असा की, तिन्ही भूमिका जेथे वेगवेगळ्या झाल्या आहेत तेथेही ती जशीच्या तशी नेली गेली. खेळाच्या उदाहरणात संस्था हे संप्रदान आहे, संस्थेतील कारागीर हा कर्ता आहे आणि खेळाडू हा फलभोक्ता आहे. सामान्य वाचक संज्ञेवरून फलभोक्त्याकडे जातो, मसुदा संप्रदानाकडे बोट दाखवितो, आणि माणशी परवान्याचा हिशेब कर्त्यापाशी मागितला जातो.

४

तिन्ही भूमिका वेगळ्या झाल्या की काय घडते हे २०१७ च्या फेब्रुवारीत लंडनच्या उच्च न्यायालयाने निकाल दिलेल्या एसएपी विरुद्ध डिआजिओ या खटल्यात दिसते. मद्यनिर्मितीच्या धंद्यातील डिआजिओ या कंपनीने एसएपीची व्यवसायप्रणाली २००४ च्या करारान्वये घेतली होती. ती प्रणाली वापरण्याचा हक्क करारात ‘नामनिर्देशित वापरकर्त्यां’पुरता होता आणि त्यांच्या वर्गवारीनुसार शुल्क ठरत असे. पूर्वी डिआजिओचे गिऱ्हाईक दूरध्वनीवरून मागणी नोंदवीत आणि कंपनीचा कर्मचारी ती प्रणालीत भरीत असे. पुढे डिआजिओने सेल्सफोर्सच्या मंचावर दोन नवी साधने उभारली. ‘कनेक्ट’ या साधनातून गिऱ्हाईक स्वतःच मागणी नोंदवू लागले. ‘जेन टू’ हे विक्री प्रतिनिधींसाठी होते. दोन्ही साधनांतील माहिती एसएपीच्याच एका मध्यस्थ प्रणालीमार्फत मूळ व्यवसायप्रणालीकडे जात-येत असे. एसएपीचे म्हणणे असे पडले की, ही माणसेही प्रणाली वापरतात, तेव्हा त्यांचे शुल्क दिले पाहिजे. डिआजिओचे म्हणणे असे की, मध्यस्थ प्रणालीचा परवाना घेतलेला आहे, तोच पुरेसा आहे. न्यायालयाने तत्त्वतः एसएपीचे म्हणणे मान्य केले. देय रकमेचा प्रश्न पुढे ठेवला.

निकालाचा आधार करारातील ‘प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष’ या शब्दांत होता. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर या क्रियाविशेषणांनी कर्त्याची व्याप्ती प्रयोजक कर्त्यापर्यंत वाढविली. मराठीत ‘करणे’ आणि ‘करविणे’ असा भेद आहे. स्वतः न करता दुसऱ्याकडून करवून घेणारा तो प्रयोजक. कनेक्ट वापरणारे गिऱ्हाईक व्यवसायप्रणालीला स्पर्श करीत नाही, मधल्या साधनाकडून तिला चालविते. परंतु हा तर्क इथेच थांबत नाही. दूरध्वनीवरून मागणी सांगणारे पूर्वीचे गिऱ्हाईकही कर्मचाऱ्याकडून तेच करवीत होते. मग तेही प्रयोजकच नव्हे काय? त्याला परवाना कोणी मागितला नव्हता. त्या काळी त्याच्या आणि प्रणालीच्या मध्ये शुल्क भरलेला, नाव नोंदलेला एक मनुष्य कर्ता म्हणून उभा होता. नव्या रचनेत तो मनुष्य गेला आणि त्याच्या जागी यंत्र आले. यंत्र हे करण आहे. त्याला कर्तृत्व नाही. त्यामुळे कर्त्याचा शोध यंत्राला ओलांडून मागे, थेट गिऱ्हाइकापर्यंत गेला. पूर्वीचा फलभोक्ता आता कर्ता ठरला. त्याच्या दृष्टीने काहीच बदलले नव्हते. तो पूर्वीही माल मागवीत होता आणि आताही मागवीत होता.

या निकालातील सर्वांत बोलकी गोष्ट ही की, कराराच्या परिशिष्टातील वापरकर्त्यांच्या वर्गांत असे गिऱ्हाईक यथायोग्य बसेल असा वर्गच न्यायालयाला आढळला नाही. क्रियापद विस्तृत केले होते, पण त्या विस्तारात येणाऱ्यांसाठी नाम तयार केले नव्हते. पुढे एप्रिल २०१८ मध्ये एसएपीने अशा अप्रत्यक्ष वापरासाठी नवी मोजणी जाहीर केली. तीत माणसे न मोजता प्रणालीत निर्माण होणारे नऊ प्रकारचे दस्तऐवज, जसे विक्रीची मागणी किंवा देयक, मोजले जातात. कर्ता मोजण्याचा प्रयत्न फसल्यावर फल मोजण्यास आरंभ झाला, असे या बदलाचे वर्णन करता येईल. मायक्रोसॉफ्टने आपल्या सर्व्हर-परवान्यांत उलट मार्ग धरला आहे. मध्ये कितीही यंत्रे किंवा प्रणाली आल्या तरी लागणाऱ्या परवान्यांची संख्या त्यामुळे घटत नाही, असा नियमच तेथे सांगितलेला आहे. दोन्ही मार्गांबाबत मतभेद होऊ शकतील, परंतु दोहोंत एक गोष्ट समान आहे: ‘वापरकर्ता’ या शब्दाच्या रोजच्या अर्थावर भिस्त ठेवलेली नाही.

५

वरील खटल्यात संज्ञा अपुरी पडली. पण ती नीट कामास आल्याचेही उदाहरण आहे, आणि ते भारतातील आहे. इंजिनिअरिंग ॲनालिसिस सेंटर ऑफ एक्सलन्स या कंपनीच्या व तिच्याबरोबरच्या इतर अपिलांवर सर्वोच्च न्यायालयाने २ मार्च २०२१ रोजी निर्णय दिला. प्रश्न असा होता: भारतातील वापरकर्ता किंवा वितरक परदेशी विक्रेत्याला सॉफ्टवेअरची जी किंमत देतो ती स्वामित्वहक्काच्या वापराबद्दलची ‘रॉयल्टी’ समजावी काय, आणि म्हणून ती देताना कर कापून घ्यावा काय. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०११ साली करखात्याच्या बाजूने कौल दिला होता. परवाना म्हणजे स्वामित्वहक्कातीलच काही अंश दिला, अशी त्यामागची विचारसरणी होती.

सर्वोच्च न्यायालयाने व्यवहारांचे चार प्रकार केले: परदेशी विक्रेत्याकडून थेट भारतीय अंतिम वापरकर्त्याला झालेली विक्री, भारतीय वितरकामार्फत झालेली, परदेशी वितरकामार्फत झालेली, आणि यंत्रातच बसविलेल्या सॉफ्टवेअरची. त्यानंतर प्रत्येक करारात कोणाला कोणती क्रिया करण्याची मुभा आहे हे पाहिले. वितरकाला प्रती मिळतात व तो त्या पुढे विकतो, पण त्याला त्या वापरण्याचा किंवा त्यांच्या नव्या प्रती काढण्याचा हक्क नाही. अंतिम वापरकर्त्याला वापरण्याचा हक्क आहे, पण प्रती काढून विकण्याचा, पोटपरवाना देण्याचा नाही. स्वामित्वहक्क ज्या क्रियांनी सिद्ध होतो त्या क्रिया यांपैकी कोणालाच दिलेल्या नाहीत. तेव्हा झाला तो मालाचा विक्रय, स्वामित्वहक्काचे दान नव्हे, असा निष्कर्ष निघाला. १९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमाच्या ५२ व्या कलमात संगणकप्रणालीच्या प्रतीचा ‘कायदेशीर ताबा असलेली व्यक्ती’ असा शब्दप्रयोग आहे, हेही येथे लक्षात घेण्यासारखे आहे. अधिनियमाने साखळीतील शेवट न शोधता ताबा आणि त्याची कायदेशीरता पाहिली.

या निर्णयात ‘अंतिम वापरकर्ता’ ही संज्ञा गोंधळ करीत नाही, कारण ती क्रियांच्या यादीला बांधलेली आहे. परंतु याच संज्ञेशी दुसऱ्या प्रकरणातील खेळनिर्मात्याची तुलना करावी. सर्वोच्च न्यायालयासमोरील करारांत पुढे वितरण करण्याचा हक्क नसणे ही अंतिम वापरकर्त्याची ओळख होती. ॲसेटच्या बाजारात खेळातून पुढे वितरण करण्याचा हक्क असणे हीच त्याची ओळख होती. एका कागदात जे लक्षण आहे त्याचा अभाव हे दुसऱ्या कागदात लक्षण आहे, आणि नाव मात्र दोघांचे एकच. दोन कागदांत इतके परस्परविरुद्ध अर्थ वाहणारी संज्ञा स्वतःच्या बळावर कोणताच अर्थ निश्चित करू शकत नाही, हे मान्य करावेच लागते.

६

यावर असा आक्षेप येईल की, परवानापत्र हा कायद्याचा कागद आहे; त्यात व्याख्येचे कलम असते, आणि व्याख्या दिल्यावर शब्द कोणताही असला तरी चालतो. आक्षेपात तथ्य आहे. व्याख्येने ‘अंतिम वापरकर्ता’ म्हणजे विकत घेणारी संस्था असे ठरविले तर न्यायालय तेच मानील. तथापि व्याख्या वाचली जाते एकदा आणि शब्द वाचला जातो शंभर वेळा. रोजच्या अर्थाशी विसंवादी असा शब्द निवडला की प्रत्येक वाचनात व्याख्येला त्या रोजच्या अर्थाशी झगडावे लागते, आणि वकील हाताशी नसलेल्या लहान संस्थेच्या बाबतीत बहुधा रोजचा अर्थच जिंकतो. शिवाय डिआजिओच्या खटल्यात व्याख्या होतीच. तरीही गिऱ्हाईक कोठे बसते ते सांगण्यास ती पुरी पडली नाही.

दुसरा आक्षेप असा की, इंग्रजी करारांना संस्कृत व्याकरणाच्या मापाने मोजणे अप्रस्तुत आहे. परंतु येथे संस्कृतचे नियम इंग्रजीवर लादलेले नाहीत. देणारा, घेणारा, करणारा, करविणारा आणि लाभ मिळविणारा हे भेद सर्व भाषांच्या व्यवहारात आहेत; भारतीय व्याकरणाने त्यांना नावे देऊन ठेवली आहेत, एवढाच त्याचा उपयोग. इंग्रजीतही या अडचणीतून सुटण्याचा एक मार्ग वापरलेला दिसतो. २००७ च्या जीएनयू जनरल पब्लिक लायसन्सच्या तिसऱ्या आवृत्तीत परवाना घेणाऱ्या प्रत्येकाला ‘तुम्ही’ असे संबोधिले आहे. सर्वनामाला स्वतःचा असा कोशार्थ नसल्यामुळे ते वाचकाला साखळीच्या शेवटाकडे पाठवीत नाही. जो वाचतो आहे आणि ज्याने प्रत घेतली आहे त्याच्यापाशीच थांबते.

मराठीत या विषयावर लिहिणाऱ्यांना व भाषांतर करणाऱ्यांना यातून काही ठरविता येईल. परवाना ज्याच्या नावाने दिला आहे त्यास ‘परवानाधारक’ म्हणावे. सॉफ्टवेअर प्रत्यक्ष चालविणाऱ्या व माणशी मोजल्या जाणाऱ्या व्यक्तीस ‘वापरणारा’ म्हणावे. नावाची नोंद लागत असेल तर ‘नोंदलेला वापरणारा’ म्हणावे. शेवटी ज्याच्या उपयोगासाठी वस्तू तयार झाली त्यास ‘उपभोक्ता’ म्हणावे. ‘अंतिम वापरकर्ता’ हा समास, तिन्ही भूमिका एकाच माणसाच्या ठिकाणी आहेत असे दिसेल तेवढ्या ठिकाणापुरता ठेवावा. हे शब्द नवीन नाहीत, आणि त्यांचे हेच बळ आहे: त्यांचा रोजचा अर्थ आणि कागदातील अर्थ यांत विरोध येत नाही.

विद्यापीठांनाही हा प्रश्न दूरचा नाही. विभागाने एखादे ध्वनिविश्लेषणाचे किंवा संख्याशास्त्राचे साधन विकत घेतले की परवानाधारक विद्यापीठ असते, वापरणारे अध्यापक, संशोधक विद्यार्थी आणि काही काळापुरते आलेले पाहुणे अभ्यासक असतात, आणि उपभोक्ता म्हणावे असे प्रबंधाचे वाचक असतात. पाहुण्या अभ्यासकाने ते साधन उघडावे काय, पदवी मिळाल्यावर विद्यार्थ्याने ते आपल्या संगणकावर ठेवावे काय, या प्रश्नांची उत्तरे ‘आपण सगळेच वापरकर्ते’ या समजुतीने देता येत नाहीत. कागद काढावा, त्यातील क्रियापदे एकेक करून पाहावीत, आणि प्रत्येक क्रियापदाला विचारावे: येथे देणारा कोण, घेणारा कोण, करणारा कोण, आणि लाभ कोणाचा. ज्या क्रियापदाला करणारा सापडत नाही तेथेच पुढील तंट्याचे बीज आहे असे समजावे, आणि सही करण्यापूर्वी त्याविषयी विक्रेत्याकडून लेखी खुलासा मागून घ्यावा.